दारापर्यंत पोचणारं भिंग

नगरच्या फोटोवाल्याने टेबलावर दोन भिंगं ठेवली आणि म्हणाला, "यातलं एक ने. दोन्ही द्यायचो नाही. मलाही त्याच दिवशी काम आहे."

त्याच्याकडे मी दोन वर्षं नोकरीला होतो. फोटो उमटलेल्या काचा धुवायच्या, छापाचे कागद उन्हात लावायचे, गिऱ्हाइकाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी दांडी टेकवायची. पोटापुरती नोकरी. माझं स्वतःचं काम पत्रकांचं. निजामाच्या हद्दीत आमची पत्रकं छापायला कुणी धजत नसे. म्हणून ती नगरला, इंग्रजी हद्दीत, छापायची आणि आष्टीच्या बाजारात नेऊन वाटायची. हुंडा, मानपान, विधवांचे हाल असले विषय. लोक पत्रक घेत आणि त्यात गूळ बांधून नेत. मी तरीही लिहीत असे, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह देत असे.

आष्टीजवळच्या एका गावी माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं होतं. मुलीचा चुलता तालेवार. घरचा पोरगा नगरला फोटोवाल्याकडे आहे म्हटल्यावर त्याने तसबीर काढण्याचा हुकूमच सोडला. मी तोवर एकही लग्न टिपलं नव्हतं. मालकाने कॅमेरा, तिवई, काळं कापड आणि सहा काचा दिल्या. राहिलं भिंग.

थोरलं भिंग पितळेचं, तांब्याएवढं जड. थोड्या उजेडातही ते भागवून घेई. पण त्याची नजर अरुंद. मधलं माणूस पापणीसकट स्वच्छ, आणि कडेचं सगळं पाण्यात ढवळल्यासारखं. धाकटं भिंग सुपारीच्या डबीएवढं. त्यात अंगण, मांडव, घर, सगळं मावे. मात्र त्याला रग्गड ऊन लागे आणि माणसांनी बराच वेळ दगडासारखं बसावं लागे.

"मुहूर्त कधीचा?" मालकाने विचारलं.

"गोरज."

"मग विचारतोस काय? थोरलं ने. धाकट्यावर दिवेलागणीच्या वेळेला अक्षता आल्या तर मी मिशी उतरवीन."

"थोरल्यात मागचं दार येईल का?"

"कसलं दार?"

मग त्याला मावशीचं सांगावं लागलं.

आठ दिवसांपूर्वी मी मावशीकडे गेलो होतो. मावसे जाऊन सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत पेरणी, राखण, मळणी तिने पाहिली, मुलगी वाढवली. आता लग्नात कन्यादानाला चुलता-चुलती बसणार होते. मावशीने मांडवात पाऊल टाकायचं नाही, मुलीला हळद लावायची नाही, मुलगी पुढून आली तर आपण आत सरायचं. असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, सगळ्यांना पाठ होतं. तिलाही.

ती सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. मी म्हणालो, "मावशी, तुझा एकटीचा फोटो काढतो. जवळून. पत्रकावर छापू. लेकीच्या लग्नात आईला कोंडतात हे लोकांना दिसू दे."

"लोकांनी बघून काय करायचं?"

"लाज वाटेल त्यांना."

"त्यांला न्हाई वाटायची. मलाच वाटंल." सूप थांबलं नाही. "मला तुज्या कागदात घालू नगंस. घालायचंच तर पोरीच्या लग्नात घाल."

"म्हणजे?"

"मांडवाच्या मागं माजघराचं दार हाय. मी दारात उबी ऱ्हाते. मांडवात येत न्हाई, कुणाला शिवत न्हाई. दारात उबं ऱ्हायला कुणाची मनाई हाय? उद्या पोरगी सासरी तसबीर बगंल, चार बाया बगतील. त्यात आई दिसाया पायजे बाबा. न्हाईतर म्हणतील, हिला आईच न्हवती."

 मला पत्रकासाठी एक चेहरा हवा होता, आणि थोरल्या भिंगात तो फार चांगला आला असता, हे खरं.

मालकाने सगळं ऐकलं. तपकीर ओढली. "फोटो मागितला कुणी? चुलत्याने. त्याला हवं ते दे आणि घरी ये. दार सोड."

मी धाकटं भिंग उचललं.

"मूर्ख आहेस," तो म्हणाला, आणि ते गुंडाळायला फडकं दिलं.

हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. जकातीचा शिपाई मला पत्रकांमुळे ओळखत असे. त्याने पेटी उपसली, काळं कापड झटकलं. त्या खेपेला पत्रकं नव्हती. भिंग हातात धरून त्याने लांबून त्यातून पाहिलं आणि हसायला लागला. आत गादीवर बसलेला त्याचा कारकून त्याला उलटा दिसत होता, डोकं खाली, गादी वर. "जाओ, जाओ," तो म्हणाला, पण भिंग परत द्यायला त्याने जरा वेळ लावला.

लग्नाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. वऱ्हाड धारूरकडून बैलगाड्यांनी आलं, त्याला उशीर झाला, आणि अंतरपाट धरला तेव्हा सूर्य गेलेला. दोन गॅसबत्त्या फुसफुसत होत्या. मी चुलत्याला म्हणालो, "काका, या उजेडात फोटो यायचा नाही. सकाळी काढू."

"कावून? लग्न आत्ता हाय, सकाळी न्हाई."

"भिंगाला ऊन लागतं."

"काय बे पत्रकवाले! लोकाला शानपण शिकिवतूस आन् उनाचं भिंग घिऊन गोरज मुहूर्ताला येतूस?" व्याही शेजारीच उभे होते. सगळे हसले. त्याने हुकूम केला, काढ. मी काढला. त्या काचेवर पुढे दोन पांढरे ठिपके आले, गॅसबत्त्यांचे, बाकी काळोख. त्या वेळी मावशी कुठे होती, मला दिसलं नाही. मंगलाष्टकं ऐकू जातील एवढ्या अंतरावर असावी.

रात्री जेवताना मी चुलत्याला दुसऱ्या बाजूने धरलं. अक्षता काय, सगळ्यांच्याच तसबिरीत असतात. या भिंगात अख्खा मांडव येतो, घराचा माळवदापर्यंतचा भाग येतो, दावणीची बैलं येतात. त्याने घास थांबवला. "बैलं येतेत?"

"चारी."

सकाळी ऊन वर आल्यावर त्याने स्वतः बैलांची शिंगं पुसून घेतली.

मी कॅमेरा समोरच्या भिंतीला टेकलेल्या बैलगाडीवर चढवला, कापडात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर सगळं उलटं: वर बैल आणि पाट, खाली आभाळ. नवरा-नवरी मधोमध, बाजूला चुलता-चुलती, व्याही-विहीण, आणि अगदी कडेला माजघराचं उघडं दार. दारात कुणी नव्हतं. मी कॅमेऱ्याचा भाता मागेपुढे करत वेळ काढला. मग दारात एक पांढरट पट्टी येऊन थांबली. उंबऱ्याच्या आतच.

एवढ्यात चुलता ओरडला, "ते दार लावून घ्या रे! भोकावानी दिसतंय."

मी घाईने कापडातून डोकं बाहेर काढून म्हणालो, "लावू नका! लग्नघराचं दार बंद आलं तर बघणारे काय म्हणतील? घर बंद पडलंय म्हणतील."

चुलता मागे वळून बघेल असं वाटलं. पण व्याही म्हणाले, "बराबर हाय, दार उगडं पायजे," आणि तो पुढे तोंड करून बसला.

"आता कुणी हलू नका. मी दहा मोजणार." भिंगाचं टोपण काढलं. तिसऱ्या आकड्याला विहिणीने माशी हाकलली. पाचव्याला चुलत्याने बैलांकडे पाहिलं. मी मोजत राहिलो. टोपण लावलं.

आणखी काचा काढल्या, त्या चुलत्याने त्याच्या हौसेने मांडून घेतल्या: बैल, मांडव, रुखवत. दार आलेली काच ती एकच.

नगरला काच धुतली तेव्हा मालक शेजारी येऊन उभा राहिला. विहिणीचा हात धुरासारखा. चुलत्याला दोन नाकं. नवरा-नवरी बरे आले. दारात मावशी नखाएवढी, पण पदराची कड मोजून घ्यावी इतकी स्पष्ट.  "विहिणीला हलू द्यायला नको होतं," मालक एवढंच म्हणाला.

चुलता स्वतः नगरला आला. छाप हातात घेऊन आधी बैल पाहिले. मग बोट कडेला गेलं आणि थांबलं.

"ही कशी आली हितं?"

"दारात होती," मी म्हणालो.

"शुभकार्याच्या तसबिरीत?" तो मालकाकडे वळला. "एवडा भाग काडून टाका. आन् एक छाप धारूरला व्याह्याकडं पाठवा, त्योबी असाच."

मालकाने मला कात्री दिली. गिऱ्हाइकाचा माल होता. मी दार कापलं, दोन्ही छापांवरून, सरळ रेषेत. दोन वर्षं विधवांवर पत्रकं लिहिणाऱ्या माणसाने कापलं, आणि कापताना हातही हलला नाही. त्या रात्री मात्र मी पत्रक लिहून काढलं. मथळा, आठ कलमं, आणि वर छापायला अख्खा फोटो. काच माझ्याकडेच होती. दुसऱ्या दिवशी उन्हात अख्खा छाप काढला आणि दोन्ही घेऊन मावशीकडे गेलो.

पत्रक तिला वाचून दाखवलं. ती निम्म्यातच म्हणाली, "गप आता. तसबीर दे."

तिने ती उंबऱ्याशी उजेडात नेली. बराच वेळ लेकीकडेच पाहिलं. स्वतःकडे बोट शेवटी गेलं. "मी हलले न्हाई."

"नाही. तुझ्याकडेच ठेव ही."

"मला कावून? मी हुतेच की तितं. तिला निऊन दे." आणि माझ्या हातातल्या पत्रकाकडे पाहून, "त्यो कागूद चुलीत घाल. तुला कायबी छापायचं आसंल तर दुसरीचं छाप, तिला इचारून."

पत्रक चुलीत घातलं नाही, पण छापलंही नाही.

धारूरला पोचायला मला तीन दिवस लागले. बहिणीच्या सासरी सोप्यात चौकटीतली तसबीर आधीच टांगलेली होती, मी कापलेली. मी थैलीतला कागद बहिणीला दिला. तिने तो पाहिला आणि ती उभीच राहिली. सासू दाणे निवडत होती. लग्नात तिने आपल्या विहिणीचं, मावशीचं, तोंडही पाहिलं नव्हतं. हात पुढे करून तिने कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला.

"ही कोन गं, दारात?"

"आमची आई."

सासूने कागद उजेडाकडे तिरका केला. "तुज्यावानीच उबी हाय की. एका पायावर भार दिऊन."