चंपाषष्ठीला आम्ही पुण्यात होतो

सण बघायला परगावी जाणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. नारायण पेठेत जन्मलेल्या माणसाला तो असणारच. दर वर्षी गणपतीत आमच्या बोळात कुठून कुठून लोक येतात, दारासमोर गाड्या लावतात, जिन्यात बसून भेळ खातात, कागद तिथेच टाकतात आणि वर बेल वाजवून विचारतात, "काका, मिरवणूक किती वाजता जाते इथनं?" एकदा मी एकाला सांगितलं, "गेली." ढोल अजून दोन चौक लांब होते. तो माणूस बायकोपोरांना घेऊन हळहळत निघून गेला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात मला कुणी बिचारा म्हणणार नाही.

आईला काशीला न्यायचं ठरलं तेव्हा माझा धाकटा भाऊ खराडीहून लॅपटॉप घेऊन आला. तो तिथल्याच एका कंपनीत नोकरी करतो. तिथे काय करतो हे त्याने मला दोनदा समजावून सांगितलंय आणि दोन्ही वेळा मी मध्येच चहा टाकायला उठलोय. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने तो लॅपटॉप उघडला. आत एक तक्ता होता. काशीचे वर्षभराचे सण एकाखाली एक, शेजारी तारीख, गर्दी किती, हॉटेल मिळेल की नाही, आणि शेवटच्या रकान्यात 'अनुभव'. अनुभवाला चांदण्या दिलेल्या. देवदिवाळीला पाच, महाशिवरात्रीला साडेतीन. साक्षात महादेवाचे दीड गुण कापले होते.

"दादा, देवदिवाळी बेस्ट आहे," तो म्हणाला. "सगळे घाट दिव्यांनी भरतात. बोटीतून बघायचं. ड्रोनचे व्हिडिओ बघ, वेड लागेल."

"आपण ड्रोन नाही," मी म्हणालो. "आपण जिन्यात भेळ खाणारे होणार."

माझी बायको हसली नाही. ती माझ्या असल्या बोलण्याला हसत नाही, फार वर्षं झाली.

आई इतका वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "मला दिवे नाही बघायचे. मला अन्नपूर्णा बघायचीय. भातातली."

आई मावळातली. लग्नात तिच्या आईने तिला रिवाजाप्रमाणे पितळेची अन्नपूर्णा दिली. बोटभर उंचीची, हातात पळी घेतलेली. ती आमच्या देवघरात वाटीभर तांदळात उभी असते. शेजारच्या काकू काशीला जाऊन आल्या होत्या, त्यांनी आईला सांगितलं होतं की तिथे अन्नपूर्णेचं सतरा दिवसांचं व्रत असतं, आणि शेवटच्या दिवशी आसपासचे शेतकरी आपल्या नव्या भाताच्या लोंब्या आणून वाहतात. देवी, गाभारा, खांब, सगळं भाताने झाकून जातं. दुसऱ्या दिवशी त्याच लोंब्या प्रसाद म्हणून वाटतात.

"आपली मूठभर तांदळात उभी आहे," आई म्हणाली. "तिकडे अख्खं देऊळ भाताचं. ते एकदा बघायचं, आणि त्यातले चार दाणे आणून हिच्या वाटीत घालायचे. बस."

आणि ते त्याच वर्षी बघायला हवं होतं. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला आजार होता. नजरेच्या मधोमध एक काळा डाग आला होता आणि तो पसरत होता. माणूस समोर उभा राहिला तर तिला त्याचे कान दिसत, नाक नाही. कडेने, मान वाकडी करून, ती अजून बरंच काही बघून घेई. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या हिवाळ्याचं आम्ही काही सांगू शकत नाही.

भावाच्या तक्त्यात हे व्रत नव्हतंच. त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं. तिथी बघायची तर ती या घरात मी बघणार. मी तीस वर्षं पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं वाचली. दर वर्षी एक अख्खं पंचांग माझ्या हाताखालून गेलं. पंचांग बाजारात येण्याच्या कितीतरी आधी पुढच्या वर्षीची संकष्टी कधी आहे हे मला ठाऊक असायचं, आणि ओळखीतले लोक मुंज, वास्तुशांत, सगळ्याला मला विचारायचे. मोबाइलला विचारून एकादशी धरणाऱ्या लोकांशी मी वाद घालत नाही, नुसता बघतो त्यांच्याकडे.

भावाने ज्या अतिथीगृहात खोली बघून ठेवली होती, त्याच्या मालकाला मी फोन लावला. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं.

"अन्नपूर्णाजी का व्रत?" तो म्हणाला. "अगहन बदी पंचमी से, भाई साहब. उस दिन सत्रह गाँठ का धागा मिलता है. फिर सत्रहवें दिन धान का शृंगार होता है, और वो दिन पड़ता है..."

"बस, बस," मी म्हणालो. "आगे का मैं गिन लूँगा."

तो पुढे काहीतरी सांगत होता. मी फोन ठेवला. बडबड्या माणूस, एका तिथीला दहा वाक्यं. अगहन म्हणजे मार्गशीर्ष, बदी म्हणजे वद्य, एवढं मला कळत होतं आणि ते कळतं याचा माज होता. भिंतीवरून पंचांग काढलं, मार्गशीर्ष वद्य पंचमी शोधली, तिथून सतरा दिवस मोजले. पौषातली शुद्ध षष्ठी आली. डिसेंबर संपता संपता.

"दादा, इथे तर नोव्हेंबरच्या शेवटाची तारीख दाखवतंय," भाऊ म्हणाला. त्याचा अंगठा अजून मोबाइलवरच होता. "बरोबर एक महिना आधी. दोन-तीन ठिकाणी तेच आहे."

"एकाने चुकीचं लिहिलं की बाकीचे तेच उतरवतात. मी आयुष्यभर तेच निस्तरलंय."

"पण मला रजा नोव्हेंबरात मिळेल. डिसेंबरात नाही मिळणार."

"मग देवीला कळव, तारीख बदल म्हणून."

तो आईकडे बघायला लागला. आईने मान वाकडी करून माझ्या दिशेला पाहिलं आणि म्हणाली, "हा म्हणतो तेच धर. जन्मभर तेच केलंय त्याने."

भावाने लॅपटॉप मिटला. तिकिटं त्यानेच काढून दिली. मला ती कशी काढतात हे माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती.

मधल्या दिवसांत मार्गशीर्ष लागला, चंपाषष्ठी आली. आमच्याकडे खंडोबाचं नवरात्र असतं. त्या दिवशी आईने ओट्याशी स्टूल घेऊन स्वतः वांगं भाजलं, बोटांनी चाचपून त्याची सालं काढली. भरीत, रोडगे, कांद्याची पात, असा नैवेद्य झाला. चार महिन्यांनी वांगं म्हणून मी दोनदा भरीत घेतलं. जेवताना आई म्हणाली, "आता महिना राहिला काशीला." मी म्हणालो, "बरोबर महिना."

आम्ही तिघं निघालो, आई, बायको आणि मी. काशीत धुकं इतकं होतं की गंगा आहे हे मानून घ्यावं लागत होतं. सगळ्यांनाच कडेकडेचं दिसत असल्याने आई त्या दिवशी आमच्या बरोबरीची झाली, असं मी म्हणालो. बायको "अहो!" म्हणाली. आई मात्र हसली. ती खुशीत होती. पितळेची अन्नपूर्णा तिने पंच्याच्या तुकड्यात गुंडाळून पर्समध्ये आणली होती आणि दर तासाला ती पर्स दाबून बघत होती.

अतिथीगृहाचा मालक मफलर गुंडाळून शेगडीपाशी बसला होता. आईला वर खोलीत पोचवून मी खाली आलो आणि त्याला ऐटीत विचारलं, "कल धान का शृंगार है. कितने बजे जाना ठीक रहेगा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "वो तो हो गया, भाई साहब. महीना भर हो गया."

मी त्याला समजवायला लागलो. हो, त्याच्या गावात, त्याच्या शेगडीपाशी बसून, मी त्याला मार्गशीर्ष वद्य पंचमी समजवायला लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की त्यांच्याकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्यासारखा अमावास्येला नाही. त्यामुळे अंधारा पंधरवडा त्यांच्याकडे आधी येतो. आपला कार्तिक वद्य तोच त्यांचा अगहन बदी. "मैं फोन पर बता तो रहा था," तो म्हणाला. "शृंगार अगहन सुदी छठ को होता है. सुदी में तो आपका-हमारा एक ही है."

अगहन सुदी छठ. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. चंपाषष्ठी.

मला हे माहीत नव्हतं असं नाही, आणि लाज वाटते ती याचीच. पंचांगाच्या प्रस्तावनेत, दुसऱ्या पानावर, हे दर वर्षी छापलेलं असतं. नर्मदेच्या उत्तरेला महिना पौर्णिमेला संपतो. ते वाक्य मी तीस वेळा वाचलं होतं. त्यातले स्वल्पविराम तपासले होते. जन्मभर ज्यांना मूर्ख म्हणत आलो त्यांच्यातल्या एकानेही हे केलं नसतं, कारण त्यांनी आपलं मोबाइलमध्ये बघितलं असतं.

वर गेलो. आई पलंगावर बसून पंच्याची घडी सोडत होती. "उद्या किती वाजता उठायचं?" तिने विचारलं. मी बायकोला बाहेर बोलावलं आणि झालं ते सांगितलं.

"आत्ता जाऊन सांगा त्यांना," ती म्हणाली.

मी म्हणालो, सकाळी सांगतो. माझ्या डोक्यात काय आलं होतं ते मी तिलाही सांगितलं नाही. नजरेत डाग आहे, गर्दी आहे, गाभाऱ्यापुढे क्षणभरही उभं राहू देत नाहीत. मी म्हटलं असतं की भात आहे, तर तिच्यापुरता तो असता. इतकं नीच मी त्याआधी कधी वागलो नव्हतो. निदान आईशी तरी नव्हतो.

सकाळी रांगेत उभे राहिलो. आईने पर्समधून मूर्ती काढून मुठीत धरली होती. गाभाऱ्यासमोर आलो. आत झेंडूचे हार होते आणि देवीचा चेहरा, दुसरं काही नव्हतं. मी आईच्या कानाशी वाकून म्हणालो, "बघ, सगळ्या लोंब्या. खांबांनासुद्धा."

आईने मान वाकडी केली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग थांबली आणि श्वास घेतला. मागचे ढकलत होते. आम्ही बाहेर अंगणात आलो तेव्हा ती म्हणाली, "नव्या भाताचा वास येतो रे. एक भारा घरात आणला तरी शेजारपाजारपर्यंत येतो. इथे एवढा भात आहे म्हणतोस, आणि नुसता झेंडू येतोय."

मी तिला एका खांबाशी उभं केलं.

"डोळे गेलेत माझे," ती म्हणाली. "कधी झालं ते?"

मी सांगितलं, चंपाषष्ठीला.

मोकळ्या हाताच्या बोटांवर तिने दिवस मोजले. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी वांगं भाजत होते." आणि मूर्ती पुन्हा पंच्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. मला राग झेलता येतो, त्यावर उलट बोलताही येतं.

अतिथीगृहाच्या मालकाला माझ्या बायकोने सारं सांगितलं असावं. आम्ही निघताना त्याने आपल्या घरच्या तांदळाच्या डब्यातून प्रसादाची एक लोंबी आणली, वाळलेली, अर्धी झडलेली, आणि आईच्या हातात दिली. मी ज्याचं बोलणं अर्ध्यावर तोडलं होतं, तो हा माणूस. आईने बोटांनी एकेक दाणा चाचपला. "आमच्या मावळातल्यापेक्षा लांबट आहे," ती म्हणाली. त्यातले चार दाणे आता आमच्या देवघरातल्या वाटीत आहेत. देऊळ तिने पाहिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो डाग कडेपर्यंत पोचला. पुन्हा काशीचं नाव कुणी काढलं नाही. आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. या वर्षी चंपाषष्ठीच्या सकाळी बायकोने वांगं आणलं, आई स्टुलावर बसून ते हातात फिरवून बघत होती. पंचांग तिच्या डोक्यावर, तिथेच भिंतीवर होतं.

"आज षष्ठीच ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तिने वांगं मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "धाकट्याला जरा फोन लाव. त्याच्या मोबाइलमध्ये बघायला सांग."

मी फोन लावला, तिच्या हातात दिला आणि तो काय सांगतो ते ऐकत ओट्याशी उभा राहिलो.