निळ्या दारापर्यंतची राख

अगं ए, जरा जवळ ये. फोनवर का होईना, पण कान इकडे दे. दर रविवारी "मावशी, शिफ्टला निघालेय, रात्री करते" म्हणतेस. वॉलॉंगॉंगला रात्र होतच नाही का गं? हॉस्पिटलची नोकरी आहे, दमतेस, सगळं कळतं मला. पण रागावायचा हक्क माझा आहे आणि तो मी बजावणार. तूच म्हणालीस ना, तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एखादी केस सांग, खूनबिन असलेली? खून नाही देत. तळ्याकाठच्या एका खोपटाची केस देते. एवढी वर्षं इथल्या पोलिसात, खाकी नसली तरी निळी वर्दी घातली, पण डोळे मिटले की आधी तेच खोपट समोर येतं. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

तुझे काका पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात होते तोवर आम्ही समुद्राकाठी राहिलो. ते गेल्यावर मी बदली मागून घेतली, इथे वर डोंगरात. छोटं ठाणं. आम्ही दोघंच. त्यात करोना आला, राज्याची सीमा बंद झाली आणि माझ्या जोडीदाराला सीमेवरच्या नाक्यावर पाठवलं. राहिले मी एकटी. सकाळी ठाणं उघडायचं, हीटर लावायचा, रात्रीचे मेसेज ऐकायचे, गाडीची तपासणी करायची आणि गस्तीला निघायचं. गस्त कसली, रिकाम्या रस्त्यांची हजेरी! कोणी हात केला तर मास्कमुळे हसला की रागावला तेही कळायचं नाही.

गावाबाहेर तळं आहे. त्याच्या काठाला मासे धरणाऱ्यांची लाकडी खोपटं आहेत, परवान्यावर दिलेली. थंडीत तळ्याच्या कडेला बर्फाची पापडी धरते. त्या खोपटांत दारूचा नियम फार कडक. सीलबंद बाटली नेता येते, पण आत फोडता येत नाही. हा नियम कोणा कारकुनाच्या डोक्यातून आलेला नाही. आधीच्या एका हिवाळ्यात एक माणूस शेगडी पेटवून, दार लावून पीत बसला, धुरानं गुदमरला आणि उठलाच नाही. पंचनामा मीच केला होता. त्यामुळे "खोपटात दारू" म्हटलं की मी चहा तसाच टाकून निघायची.

त्या हिवाळ्यात ठाण्याच्या फोनवर खबर आली. आवाज तोंडावर रुमाल धरल्यासारखा. "शेवटचं खोपट, निळं दार. माणसं जमून पितायत. लवकर या." फोन तळ्याच्या गेटजवळच्या सार्वजनिक बूथवरून होता. म्हणजे दुहेरी गुन्हा: दारूचा आणि लॉकडाऊनचा. वेगवेगळ्या घरच्यांनी एकत्र जमायला बंदी होती.

मी गेले. गेटपासून खोपटापर्यंत फळ्यांची वाट आहे, तिच्यावर गोठलेलं दव. चार पावलं टाकली आणि मी धाडकन आपटले! टोपी एकीकडे, वायरलेस दुसरीकडे. निळं दार उघडलं आणि एक उंच, वाकलेला म्हातारा लगबगीनं आला.

"ऑफिसर, लागलं का? हात देऊ? की हात द्यायला पण बंदी आहे?"

"बंदीच आहे," मी कंबर धरत म्हटलं. "आत कोण कोण आहे?"

आत कोणी नव्हतं. दार सताड उघडं, शेगडी पेटलेली, वर किटली. भिंतीशी चार स्टुलं. फळीवर दारूची बाटली, सील शाबूत. मी उलटीपालटी करून बघितली. त्याच्या तोंडाला वास नाही, डोळे स्वच्छ. दारू प्यायलेला माणूस पोलीस दिसला की आधी तोंड बाजूला करतो. हा माझ्याकडे टक लावून बघत होता.

"चार स्टुलं कशाला?"

"स्टुलं चार आहेत, ऑफिसर. माणसं तुम्ही शोधा."

"बसणारे कुठे आहेत?"

"एक वृद्धाश्रमात, खिडकीतून हात हलवतो. एक कॅनबेराला, त्याला येऊ देत नाहीत. आणि एक वर." त्यानं छताकडे बोट केलं. "तिथे लॉकडाऊन नाही म्हणतात."

हसू आलं, पण मी ठाण्याच्या आवाजातच ताकीद दिली आणि निघाले. निघताना त्यानं चहा विचारला. मी ड्युटीवर आहे म्हटलं.

मग दुसरी खबर आली. तोच आवाज, तेच शब्द. गेले तर वाटेवर राख पसरलेली, पाय घसरू नये म्हणून. मला बरंच वाटलं. आत सगळं तसंच. बाटलीही तीच, सीलही तसंच. मी दारात उभी राहून जबाब घेतला. तो भलतीच उत्तरं द्यायचा. मी विचारलं, किती वाजता आलात, तर हा सांगतोय त्याच्या मूळ देशातलं तळं!

"आमच्याकडे अख्खं तळं गोठतं, ऑफिसर. लोक त्याच्यावर खोपट ओढत नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि गळ टाकून बसतात. मी इथे धरणाच्या कामावर आलो तेव्हा हे तळं बघून म्हटलं, झालं, पूर्ण गोठत नाही, पण चालवून घेऊ."

"आणि तिथे दारू चालायची?"

"चालायची. पण नियम होता."

"कोणता?"

"एकट्यानं प्यायची नाही. एकटा बर्फावर पडला तर उचलणार कोण?"

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. चौकशीत आपण हवं ते शोधत असतो गं, आणि माणूस नको ते सांगत असतो असं आपल्याला वाटतं.

ठाण्यात आले तर तळ्याची आणि परवान्यांची देखरेख करणाऱ्या रेंजरबाईचा फोन. "त्या निळ्या दाराबद्दल अजून एक तक्रार आली तर परवाना जाईल. तिसऱ्या तक्रारीला मला खोपट बंदच करावं लागतं. खरी-खोटी नंतर बघतात."

"अहो, तिथे काही सापडत नाही."

"सॉरी, नियम आहे. त्याला नीट समजावा."

मी मनात म्हटलं, कोणीतरी म्हाताऱ्याच्या खोपटावर डोळा ठेवून आहे. त्याला उगाच घाबरवायला नको म्हणून आधी बाजूच्या खोपटवाल्यांची चौकशी केली. ते सगळे बाहेरगावचे, महिनोन्महिने आलेले नाहीत. म्हाताऱ्याचं वैर कोणाशी नाही. वैर व्हायला तरी माणूस भेटावा लागतो ना!

आणि तिसरी खबर आलीच. "शेवटचं खोपट, निळं दार." या वेळी मी गेटपाशी गाडी लावली आणि उतरून नुसती उभी राहिले. रात्री दव पडून गोठलं होतं, सगळीकडे पांढरं. त्या पांढऱ्यावर एकाच माणसाच्या बुटांचे ठसे. निळ्या दारापासून बूथपर्यंत आलेले आणि बूथपासून निळ्या दारापर्यंत परत गेलेले. दुसरा ठसा नाही. आणि वाटेवर राख. दवाच्या वर टाकलेली, म्हणजे आजच सकाळची. बाजूच्या वाटांवर चिमूटभरसुद्धा नाही. फक्त मी जिथून चालणार तिथे.

मी इतके आरोपी बघितले. कोणी मागच्या दारानं पळतं, कोणी बाटली पाण्यात टाकतं. पण पोलीस घसरू नये म्हणून वाट करून ठेवणारा आरोपी मी पहिल्यांदा बघितला.

दारात जाऊन मी म्हटलं, "तक्रारदार कोण ते कळलं मला."

तो किटलीकडे बघत राहिला. "कोण?"

"ज्यानं राख टाकली तो."

किटली वाजायला लागली तरी त्यानं उतरवली नाही. मग म्हणाला, "तुम्ही लवकर येता. बाकी कोणाला फोन केला तर म्हणतात, नंतर करतो."

"अहो, पण खोटी खबर देणं हा गुन्हा आहे! आणि परवाना जाईल तुमचा. हे खोपट गेलं तर कुठे बसाल?"

त्याचा चेहरा उतरला. त्याला ते माहीतच नव्हतं. "परवाना जाईल?" त्यानं स्टुलांकडे बघितलं, मग दाराकडे. "हे दार माझ्या बायकोनं रंगवलंय." तेवढंच बोलला आणि खाली बसला. मला बाटलीचं सील दिसलं आणि तेव्हा कुठे त्याच्या देशातला नियम माझ्या डोक्यात शिरला. अख्ख्या हिवाळ्यात बाटली फुटली नव्हती. कशी फुटणार? उचलणारं कोणी नव्हतं.

मी गेटपाशी परत येऊन रेंजरबाईला फोन केला. जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, काही झाकलं नाही.

"म्हणजे त्यानं स्वतःविरुद्धच...?"

"हो."

"माय गॉड. मग ही बाहेरची तक्रार धरता येणार नाही मला." मग म्हणाली, "त्याला सांगा, यापुढे माझ्या नंबरवर फोन करायचा. मी सरळ त्याची बडबड ऐकेन."

परत निळ्या दाराशी जाऊन खोट्या खबरीबद्दल मी त्याला रीतसर तोंडी ताकीद दिली आणि अहवालात तसं लिहिलं. मग विचारलं, "लॉकडाऊनच्या नियमात एकट्या राहणाऱ्याला एक माणूस नेमता येतो, तो घरी येऊ शकतो. तुम्ही कोणाला नेमलंय?"

"कोणाला नेमू? यादी संपली माझी." मग डोळे बारीक करून म्हणाला, "पोलिसाला नेमता येतं?"

मी वरच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुझी सुट्टी, तुझा प्रश्न. मीही एकटीच होते गं, मलाही कोणी नेमलेलं नव्हतं. मग लॉकडाऊन उठेपर्यंत सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यात त्याच्या घरी जायची, थालीपीठ घेऊन. पहिल्या दिवशी त्यानं ती बाटली फोडली, घरच्या व्हरांड्यात, जिथे कुठला नियम आड येत नव्हता. मी आल्याचा चहा घेतला, त्यानं एक छोटा ग्लास. थालीपीठ खाऊन घाम फुटला त्याला. "हे धरणाच्या सुरुंगापेक्षा कडक आहे!" म्हणाला आणि दुसरं मागितलं.

तो गेला त्याला आता काही हिवाळे झाले. शेवटपर्यंत खोपट त्याच्याच नावावर होतं.

या केसनं मला काय शिकवलं म्हणून विचारशील. नोकरीभर मी समजत होते की खबर देणाऱ्याला कोणीतरी पकडून हवं असतं. कधी कधी त्याला फक्त दार वाजायला हवं असतं. आणि ते सरळ मागायची माणसाला इतकी लाज वाटते की तो त्यापेक्षा गुन्हा कबूल करतो.

काल सकाळी मी माझ्या शेगडीची राख काढली आणि घराच्या पायऱ्यांपासून गेटपर्यंत टाकत गेले. टाकून झाल्यावर लक्षात आलं, कोणीच येणार नव्हतं.

म्हणून मी आडून नाही मागत, सरळ मागते. अंकाचं काम झालं की ये. रस्ता लांब आहे, पण मधे चहाला थांब आणि ये. शिफ्ट बदलून घे, नाहीतर आजारी आहे म्हणून सांग, मी पोलिसात नाही आता. घसरणार नाहीत असे बूट घाल. राख मी टाकून ठेवते.