वंदनाने पुसू न दिलेली रांग

"रिपोर्ट आमच्याकडून गेलाय," मॅनेजर म्हणाला. "कॉम्प्युटरवर 'पाठवला' दिसतंय. त्यांना म्हणावं, तुमचं तुम्ही बघा."

माझ्या कानाला फोन होता आणि फोनवर गंगापूरच्या डॉक्टरीणबाई. माझी लेक शोभा त्यांच्याकडे होती. आठवा महिना, डेंग्यूचा ताप, आणि अंगावरून रक्त जायला लागलेलं. रक्तातल्या पेशी पुरेशा असतील तर बाई तिथंच पोट उघडून बाळ काढणार होत्या. कमी असतील तर तिला संभाजीनगरला पाठवणार होत्या, कारण पेशी कमी असताना चिरलं तर रक्त थांबत नाही. शोभाचं रक्त सकाळीच शहरातल्या आमच्या लॅबमध्ये आलं होतं. मशीनने अकरा वाजता आकडा दिला होता. आता एक वाजला होता आणि बाई म्हणत होत्या, "मावशी, माझ्याकडं काहीच आलेलं नाही. मी काय करू सांगा."

मी त्या लॅबमध्ये झाडलोट करायचे आणि चहा द्यायचे. शिक्षण चौथी. ज्या कॉम्प्युटरात माझ्या लेकीचा आकडा होता, त्याच्यावरची धूळ मीच पुसलेली. पण आकडा फोनवर सांगायला मॅनेजरची बंदी होती. जो सांगेल त्याची नोकरी जाणार. म्हणून सगळे मान खाली घालून बसले. त्यांची नावं मला पाठ आहेत. मॅनेजरचं नाव मात्र मी लिहीत नाही. त्याला नाव मिरवायची फार हौस होती, ती मी पुरवणार नाही.

मी मागच्या खोलीत वंदनाकडे गेले.

वंदना लॅबचे कॉम्प्युटर सांभाळायची. देवगाव रंगारीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. उंच, हाडकुळी आणि राग न विसरणारी. शाळेत जिने तिची वही फाडली होती, तिच्याशी ती अजून बोलत नव्हती. काही बिघडलं की ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची आणि समोरचं नुसतं वाचत राहायची. "हात मोकळे असले की माणूस कायबी दाबतं, मावशी," ती म्हणायची. "आधी वाचावं."

त्या दिवशीही ती तशीच बसली. मी फोन धरून उभी होते आणि ही वाचत होती. मला तिचा राग आला, तेही लिहिते. मग तिने बोट ठेवून दाखवलं.

"ही बाहेर जाणाऱ्या मेलची रांग. तिकडं 'पाठवला' दिसतंय, पण सगळं इथं येऊन बसलंय. शोभाताईचा हा बघा."

"मग जात का नाही?"

"पलीकडचे मेलवाले घेईनात. म्हणतात, तुमच्या घरातून लई आलंय, थांबा आता."

एवढं काय आलं होतं? आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या वाढदिवसाचा फलक. चौकात लावतात तसाच, डॉक्टरांचा मोठा फोटो आणि खाली हात जोडलेला मॅनेजर, शुभेच्छुक म्हणून. तो त्याने लॅबमध्ये कधीही रक्त तपासायला दिलेल्या प्रत्येक माणसाला मेलने पाठवला होता. ऐन कामाच्या वेळी, कुणाला न विचारता. त्या हजारो फलकांच्या मागे माझी लेक अडकली होती.

वंदनाने माझ्या हातातला फोन घेतला. "बाई, पेशी चौदा हजार. लिहून घ्या. सांगणारीचं नाव वंदना." म्हणजे फारच कमी. बाईंनी लगेच संभाजीनगरसाठी गाडी बोलावली.

तेवढ्यात मॅनेजर आत आला. रांग बघून म्हणाला, "सगळं पुसून टाक. नव्याने चालू कर."

"यात लोकांचे रिपोर्ट हायत."

"परत पाठवू ना."

"कुणाकुणाचे? पुसल्यावर कोण सांगंल? एक मेंढरू खरजुलं निघालं म्हणून सगळा कळप कापतात व्हय, साहेब? खरजुलं बाजूला बांधायचं."

आणि तिने तेच केलं. फलक वेगळे काढून अडवून ठेवले. एकही पुसला नाही. रिपोर्ट थोडे थोडे सोडले, पलीकडचे घेतील तसे. संध्याकाळपर्यंत सगळे गेले.

शोभाची गाडी शहरात पोचेपर्यंत बाळाचे ठोके बंद पडले होते. मुलगी होती. शोभाला पेशी चढवल्या, पोट उघडलं आणि आयसीयूमध्ये ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी, शोभा आतच असताना, मॅनेजरने मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की वंदनाने भर दुपारी सर्व्हर बंद केला म्हणून रिपोर्ट अडले. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. मी चहा घेऊन गेले. वंदना कागदांचा गठ्ठा घेऊन आली. त्या दिवशी रांगेत बसलेल्या प्रत्येक मेलची एक ओळ, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव. ती मोठ्याने वाचायला लागली. ओळीमागून ओळ, मॅनेजरचंच नाव.

दोन पानं झाल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, "कळलं. पुरे."

"नाय, डॉक्टर. शोभाताईचा रिपोर्ट अजून यायचाय. तिच्या पुढं किती हुते ते सगळ्यांनी ऐकावं."

ती वाचत राहिली. चहा गार झाला. कुणी उठलं नाही. शोभाचं नाव आलं तेव्हा तिने कागद खाली ठेवले. मी मॅनेजरच्या पुढचा कप उचलला आणि त्याच्यादेखत बेसिनमध्ये ओतला. त्या आठवड्यात त्याची नोकरी गेली. मोठ्या डॉक्टरांना तो फलक आधी आवडला होता, हेही सांगून ठेवते.

आमचं तेवढ्याने भागलं नाही. तो दुसऱ्या लॅबमध्ये लागला, तेव्हा वंदनाने त्याच गठ्ठ्याची नक्कल काढली आणि मी मुकुंदवाडीच्या पोस्टातून त्या लॅबला रजिस्टरने पाठवली. तिथून सुटला, तिसरीकडे लागला, तिथंही पाठवली. लॅबमधली एक बाई म्हणाली, "आता पुरे करा, त्यालाही लेकरं आहेत."

"लेकरं हायत म्हणूनच," वंदना म्हणाली. "लेकरू म्हंजी काय, ते ठाऊक असून त्यानं पुसायला सांगितलं."

गेल्या वर्षी वंदना पुण्याला गेली. मी स्टँडवर सोडायला गेले होते. गळाभेट वगैरे काही झाली नाही, आम्हा दोघींनाही ते येत नाही. एसटीच्या खिडकीतून ती एवढंच म्हणाली, "मावशी, तो कुठं लागला ते कळलं की फोन करा."

मी चौकशी करत असते. शोभा म्हणते, "आई, सोडून दे आता."

नवव्या दिवशी ती दवाखान्यातून चालत बाहेर आली होती. शोभा जगली. तिची मुलगी जगली नाही.