दिसलं-सर

भूगोलाच्या सरांना शाळेत त्यांच्या नावाने कोणी ओळखत नसे. मुलं त्यांना ‘दिसलं-सर’ म्हणत, आणि पुढे शिक्षकांच्या खोलीतही तेच रूढ झालं. सरांकडे स्वतःची दुर्बीण होती. तिच्यापाशी जो कोणी वाकेल त्याच्या कानाशी येऊन ते विचारत, “दिसलं?” तेही इतक्या आशेने, की नाही म्हणणाऱ्याला पाप लागावं. समोरचा म्हणे, “दिसलं!” सरांचा चेहरा खुले, आणि पुढचा गडी वाके.

विद्यार्थी, त्यांचे आईबाप, पोस्टमन, गॅसचं सिलिंडर पोचवायला आलेला माणूस, कोणी म्हणून सुटलं नव्हतं. “माझ्या दुर्बिणीपासून आजवर एकही माणूस न बघता परत गेलेला नाही,” असं सर छाती काढून सांगत. बढती हुकली होती, गुडघे कुरकुरू लागले होते, पण या एका वाक्यावर स्वारी खूश होती. माणसाला जगायला तेवढं पुरतं.

यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मुलांना शाळेच्या गच्चीवर न्यायला बंदी केली. कठडा हलतोय म्हणे. सर हुज्जत घालायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, “मुलं वर जाणार नाहीत. चंद्राला वर्गात आणता येत असेल तर आणा.”

सर तणतणत घरी आले, तर तिथे मेहुणा बसलेला. बायकोचा हा धाकटा भाऊ लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करी आणि जगात शूटिंगने न सुटणारा प्रश्न नाही असं त्याचं ठाम मत होतं.

“भाऊजी, त्यात काय! माझा कॅमेरा तुमच्या नळीला लावू. इतक्या नवऱ्या काढल्या, एक चंद्र काढायला काय जातंय?”

“डोळ्याने बघणं ते बघणं,” सर म्हणाले. पण अडला हरी! दुसऱ्याच संध्याकाळी बरणीच्या झाकणाला भोक पाडून कॅमेऱ्याचं भिंग दुर्बिणीच्या भिंगासमोर बसवलं गेलं. घराच्या गच्चीवरून एक लांबलचक वायर खिडकीतून खालच्या टीव्हीपर्यंत आली. तिला तीन टोकं होती, पिवळं चित्राचं, लाल आणि पांढरं आवाजाचं. सरांनी पिवळं तेवढं खोचलं. “चंद्राला कसला आलाय आवाज!”

मग मेहुणा वर आणि सर खाली, अशी जुगलबंदी सुरू झाली.

“आलं का?”

“आलं! आलं! गेलं! अरे, डावीकडे घे!”

“तुमच्या डावीकडे की माझ्या?”

“चंद्राच्या!”

“भाऊजी, हा तुमचा पाहुणा एका जागी उभाच राहत नाही!”

“तो नाही रे, पृथ्वी फिरतेय!”

“मग तिला सांगा की जरा थांबायला!”

बऱ्याच झटापटीनंतर अर्धा चंद्र पडदाभर पसरला. खड्ड्यांच्या कडा अशा स्वच्छ, की सर टीव्हीसमोर एकटेच टाळ्या वाजवू लागले. वर मेहुण्याने रेकॉर्डिंग चालू केलं. तेवढ्यात बायको चहा घेऊन गच्चीवर गेली, भावाशी चार शब्द बोलली आणि खाली आली.

“अगं, ये, बघ!” सर ओरडले.

“दिसलं, दिसलं,” म्हणत ती तशीच स्वयंपाकघरात गेली. मग ढग आला आणि शूटिंग आटोपलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला. मोठ्या बाईही मागच्या बाकावर येऊन बसल्या. सरांनी मेहुण्याचा कॅमेरा शाळेच्या टीव्हीला जोडला, आणि शाळेचं काम अर्धवट नको म्हणून या खेपेला तिन्ही टोकं रंगाला रंग जुळवून खोचली. आधी पडद्यावर कुठल्याशा लग्नातला, तोंडात मावणार नाही एवढा घास कोंबणारा एक पाहुणा आला.

“सर, हा कुठला ग्रह?” मागून कोणीतरी विचारलं.

मग चंद्र आला, आणि वर्ग एकदम गप्प झाला. सरांनी ऐटीत पट्टी उचलली. तोच चंद्र सरांच्या बायकोच्या आवाजात म्हणाला, “घे, गरम आहे तोवर पिऊन टाक.”

वर्ग खदखदून हसला. पाठोपाठ मेहुण्याचा आवाज आला, “ताई, काय झकास दिसतं गं यातून! तुझं बरंय, तुला रोजचंच.”

“कसलं रोजचं! लग्न झाल्यापासून त्या नळीत डोळा घालतेय. माझ्याच पापण्या दिसतात, काळ्या काळ्या काड्या.”

“मग भाऊजींना सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? इतक्या आशेने विचारतात. एका शब्दाने माणूस खूश होत असेल, तर आपलं काय जातंय?”

सरांची पट्टी हवेतच राहिली. आता हसायचं की नाही, ते मुलांना कळेना. मग पहिल्या बाकावरची मुलगी चाचरत उभी राहिली. “सर, मलापण काड्याच दिसल्या होत्या.”

“मला नुसता उजेड.”

“मला काहीच नाही, सर. मागचा ढकलत होता.”

मोठ्या बाईंनी घसा खाकरला. “मला वाटलं, माझ्याच चष्म्यात खोट आहे.”

सरांना फार वाईट वाटलं. धड रागावताही येईना, कारण एकजात सगळे मायेपोटी खोटं बोलले होते. इतकी वर्षं त्यांनी लोकांना चंद्र दाखवला नव्हता, ‘दिसलं’ म्हणायला शिकवलं होतं. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली.

“बरं,” ते म्हणाले. “आता काय दिसतंय, ते सांगा.”

“खड्ड्यात खड्डा!” “ती सावली!” “सर, तिथे कोणीतरी चिखलात दगड मारल्यासारखं झालंय!” सगळा वर्ग पडद्याला जाऊन भिडला. तास संपल्याची घंटा झाली, तरी कोणी जागचं हललं नाही.

संध्याकाळी सरांनी मेहुण्याला पुन्हा गच्चीवर पिटाळलं आणि बायकोला हात धरून टीव्हीसमोर खुर्चीत बसवलं. वर्गातल्या प्रकाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. जुना प्रश्न ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला.

“काय दिसतंय?”

“तुमची पाठ. व्हा की बाजूला.”

सर बाजूला झाले. ती बघत राहिली. हात पुसायला घेतलेला टॉवेल मांडीवर तसाच पडला.

“अगं बाई,” ती हळूच म्हणाली. “अहो, या मोठ्या खड्ड्याच्या मधोमध एक डोंगर आहे. तुम्हाला ठाऊक होतं?”

तो डोंगर सर पोरवयापासून ओळखत होते.

“नाही गं,” ते म्हणाले. “कुठे?”

ती लगबगीने उठली आणि तिने पडद्यावर बोट टेकवलं. “हा काय, इथे. दिसलं?”

“दिसलं,” सर म्हणाले.