पंधरावा हात

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पंधरा देशांच्या सभेत हात मोजायचे. एकोणतीस वर्षं हीच नोकरी. मी टोमणा मारायचे, "सहलीला निघालेली पोरं मोजतात तसंच ना हो?" ते चिडायचे नाहीत. चिडण्याचं खातं माझ्याकडे.

सभेत कुणाकडे बोट दाखवायचं नाही, देशाचा अपमान होतो. म्हणून भाऊजी हात पाठीमागे धरून अंगठ्याने बोटांची पेरं मोजत. समोरच्या कोपऱ्यातून एक बाई वेगळं मोजत. दोघांच्या चिठ्ठ्या जुळल्या तरच अध्यक्ष आकडा वाचणार.

त्या दिवशी ठराव होता लढाई थांबवण्याचा. सीमेवर फौजा आमनेसामने, आणि भाऊजींचा एकुलता एक, माझा भाचा, तिथल्याच छावणीत शिपाई. निकाल रस्त्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होता. चौदा देश हो म्हणणार, एक बडा देश नाही म्हणणार, आणि त्या एका 'नाही'पुढे चौदा 'हो' केराच्या टोपलीत. याला व्हेटो म्हणतात. मी सातवी नापास, पण दादागिरी ओळखायला शाळा लागत नाही.

घोषणा देणार नाही अशी बहिणीच्या गळ्याची शपथ घेऊन मी वरच्या सज्जात बसले होते.

"ठरावाच्या बाजूने?"

हात वर गेले. आणि बड्या देशाचा तो म्हातारा प्रतिनिधी... त्याचाही हात हळूहळू वर गेला. बाही कोपरापर्यंत घसरली, तरी हात वरच. मी शेकड्याने मोर्चे काढलेत, पण माणसाच्या एका हाताने एवढं मोठं दालन भरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

भाऊजींच्या चिठ्ठीवर पंधरा. बाईंच्या चिठ्ठीवर चौदा. बाई खोटारड्या नव्हत्या. अशा ठरावाला तो हात वर्षानुवर्षं खालीच, म्हणून त्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलंच नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "पंधरा? नक्की?"

"नक्की, साहेब. मी पाहिलाय."

आकडे जुळेनात, म्हणून पुन्हा मतदान. तेवढ्यात मागच्या खुर्चीतला सहायक म्हाताऱ्याच्या कानाशी लागला. या खेपेला चौदा. "विरोधात?" म्हटल्यावर तोच हात वर झाला, कोपर टेबलावर टेकवून.

जिन्यात मी भाऊजींवर तुटून पडले. "गुपचूप चौदा लिहिलं असतंत तर आकडे जुळले असते! चौदाही पुरे होते. 'विरोधात' विचारल्यावर त्याने कशाला हात वर केला असता? ठराव पास होता! पोटचा पोरगा आहे तिथे तुमचा!"

"बाई सवयीने चौदाच लिहिणार, ते लिहितानाच कळलं होतं मला," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक. "पण त्याने सगळं पणाला लावून हात वर केला होता गं. तो हात नव्हताच असं मी लिहू?"



त्यांनी मुलाला फोन लावला. मी कान जवळ नेला.

"बाबा, काय झालं?"

"नाही झालं रे. पण एकदा पंधराच्या पंधरा हात वर होते. मी मोजले."

पलीकडे इंजिनांची घरघर. मग भाचा म्हणाला, "पंधरा? खरंच?" आणि पुढे, "आम्हाला पुढे जायच्या गाडीत बसायला सांगितलंय, बाबा. आईला सांगा, तिने विणलेले मोजे पोचले."