टपावरची होडी

एका मंगळवारी माझे पती वारले. त्यानंतरच्या महिन्यात त्यांची शिडाची छोटी होडी गाडीच्या टपावर बांधून मी ती एका क्लबला द्यायला निघाले. अड्यार नदीजवळच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून आधी होडी पाहिली, मग निरभ्र आभाळ.

“अम्मा, पूर येणार का? तलावाचं पाणी नदीत सोडलं का?”

“नाही हो.”

तरी त्याने बायकोला फोन करून तांदूळ माळ्यावर चढवायला सांगितला. “मागच्या पुरात सगळा भिजला,” तो मला म्हणाला. “मग ही होडी कशाला?”

“नवऱ्याची होती. ते गेले, म्हणून देऊन टाकतेय.”

त्याने हात जोडले. मग हात लांब करून दोराची गाठ ओढून पाहिली.

“या गावात होडी कोण देतं, अम्मा? द्यायचीच तर गाडी द्या.”

मी पुढच्या वळणावरून परत फिरले. होडी आता आमच्या गच्चीवर पालथी ठेवलेली आहे.