भागवतच्या दुकानातलं अर्थिंग

धाराशिवात ओव्हन दुरुस्त करावा तो भागवतनंच. पण माणूस फाटक्या तोंडाचा. तामलवाडीच्या द्वारकाबाईंनी आपला ओव्हन दोनदा एसटीनं आणला. हात लावला की झटका बसतो म्हणाल्या. त्यानं दुकानात लावून बघितला, झटका नाही. "मावशी, ओल्या हातानं धरता. ओव्हनला काय धाड भरलीय?" म्हणून परत पाठवलं.

काल तामलवाडीत दुसऱ्या कामाला गेला, तेव्हा त्यांच्या घरी डोकावला. सॉकेटला अर्थिंगची वायरच नव्हती. दुकानात होती, म्हणून ओव्हनमधून गळणारा करंट तिथं वायरीतून जमिनीत जायचा, झटका लागत नव्हता. इथं तो थेट बाईंच्या अंगात जात होता.

लाकडी पाटावर उभ्या राहून द्वारकाबाई कोरडेच हात पदराला पुसत होत्या.

"तुझं खरं हाय बाबा," त्या म्हणाल्या. "माझेच हात वंगाळ. कितीबी पुसले तरी वल जात न्हाय."